मिक्सर दुसऱ्याच्या हातात

आठवीत शाळा सुटली. आळेफाट्याच्या एका दुकानदाराने हाताखाली घेऊन मिक्सर-फ्रिज उघडायला शिकवलं, म्हणून आज इथं लांब कोईमतूरला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये उभा आहे. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

दुरुस्तीचे प्रकारही त्यांच्याकडेच कळले. वॉरंटी असेल तर कंपनीत तक्रार नोंदवायची. सील दुसऱ्याने तोडलं की वॉरंटी गेली. फ्रिजसारखं जड धूड असेल तर मिस्त्री घरी बोलवायचा. जुनी, हातातून नेण्यासारखी वस्तू सरळ बाजारातल्या दुकानात. आमच्या आईला मात्र एकच प्रकार ठाऊक: पोरगा.

ती आणि दादा, म्हणजे वडील, आंबेगावच्या डोंगरातल्या वाडीत असतात. दादांना अर्धांगवायू झाला, गिळणं अवघड झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं बारीक वाटून द्या. आणि नेमका जुना मिक्सर बंद पडला.

"आये, मोटर घरघरती का?"

"घरघरती, पण भांडं फिरत न्हाई."

"मग भांडं फिरवणारी खालची चकती, कपलर, झिजलाय. घोडेगावच्या दुकानात दे, लगेच होईल."

"पोरगा मिस्त्री आन् मिक्सर दुकानात? लोकं तोंडात शेण घालतील. तू ये, तुज्या हातानं कर."

रजा मिळेना. ती पाट्यावर भात-वरण वाटायची. मग एकदा म्हणाली, "कण ऱ्हायला रं, त्यांना लई ठसका लागला. डोळं पांढरं केलं." त्या दिवशी माझं कामात लक्षच लागेना. शेवटी वाडीतल्या चुलत्याला फोन केला आणि तिला न विचारता मिक्सर एसटीतून घोडेगावला पाठवला.

तिथल्या दुकानदाराचा फोन आला. "काय राव, कंपनीचे साहेब तुमी, आन् काम आमाला?" हसला, पण हातातलं काम बाजूला ठेवून त्याने कपलर बदलला. व्हिडिओ कॉलवर भांडं फिरवून दाखवलं. मी इथून हात जोडले.

संध्याकाळच्या एसटीने मिक्सर घरी पोचला आणि दादांनी वाटीभर पेज न ठसकता घेतली. आई म्हणाली, "झालं बाबा. तुजी कटकट मिटली."

त्यानंतर फोन केला की विचारतो, "काय बिघडलंय का गं?"

"नाय रं, समदं ब्येस हाये."

परवा व्हिडिओ कॉलवर तिच्यामागे सगळा अंधार.

"आये, ट्यूब बंद हाये?"

"व्हय. वायरमनला सांगितलंय. तू कशाला येतोस यवढ्या लांबनं?"