तेवीस खिडक्यांची एव्हिस

आल्डर्सफर्डमध्ये शीप स्ट्रीटवरचं नऊ नंबरचं घर विकायला निघालं, तेव्हा गुरुवारच्या बाजारात सगळ्यांच्या ओठांवर एकच प्रश्न होता: आता एव्हिस पिल्बीम जाणार कुठे? एव्हिसने तो कुणाला विचारू दिला नाही. समोरच्याने तोंड उघडायच्या आत ती सांगून टाकायची. चर्चच्या मागे नव्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत, गुडघे कामातून गेले आहेत, आणि चार मजले चढत-उतरत मरण्यात काही शौर्य नाही. विषय संपला, अर्धा किलो चेडर चीज द्या.

घर पिल्बीमांचं. एव्हिसचा नवरा जेराल्ड, त्याच्या पणजोबांनी बियाण्यांच्या व्यापारात पैसा केला आणि १८७१ साली ते बांधलं. लाल विटा, दारावर रंगीत काच, आणि पुढच्या-मागच्या मिळून तेवीस उंच खिडक्या. एव्हिस मात्र चौकातल्या खाटकाची मुलगी, बापाच्या हाताखाली सॉसेज भरत वाढलेली. लग्नाआधी पहिल्यांदा चहाला आली तेव्हा सासूने तिची नखं पाहिली, आणि सासू नखं पाहते आहे हे एव्हिसने पाहिलं. पुढची बारा वर्षं दोघी एकमेकींशी फार सभ्यपणे वागल्या. याहून वाईट काही असेल असं मला वाटत नाही.

त्याच काळात सगळ्या गल्लीला ॲल्युमिनियमचं वेड लागलं. जुन्या लाकडी खिडक्या उपटायच्या आणि चकचकीत नव्या बसवायच्या. जेराल्डनेही कागद आणले. त्याचं चूक नव्हतं. वारा सुटला की घर खडखडायचं आणि पडदे खोलीच्या मध्यापर्यंत यायचे. एव्हिस म्हणाली, "सही करू नकोस. मी दुरुस्त करते." जेराल्ड हसला. ते हसणं त्याला चांगलंच महागात पडलं, कारण ती खरोखरच कामाला लागली.

ती गेली म्हाताऱ्या टेबट सुताराकडे. त्याने काम सोडलं होतं आणि पैसे घ्यायला तो तयार नव्हता. दर शनिवारी तिच्या बापाच्या दुकानातला एक पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरून भाजलेली जाड कचोरी, एवढ्यावर सौदा ठरला. त्याने तिला शिकवलं की या खिडकीत जादू काही नाही, सगळा तोल आहे. दोन तावदानं वर-खाली सरकतात. चौकटीच्या पोटात लोखंडी वजनं लटकतात. मध्ये कप्पी आणि दोरी. दोरी कुजते, वजन खाली पडतं, खिडकी अडते. मग लोक तिच्यावर रंगाचे थर चढवतात आणि वर म्हणतात, खिडकी बिघडली.

वर्षाला दोन खिडक्या, या हिशेबाने एव्हिसला बारा वर्षं लागली. पटाशीने पट्ट्या सोडवायच्या, जुना रंग खरवडायचा, कुजलेलं लाकूड कापून नवं बसवायचं, वजनं तोलायची, दोरी ओवायची. मुलं आळीपाळीने खिडकीला फळ्या ठोकलेल्या खोल्यांत झोपली. सातवी खिडकी सासूच्या खोलीतली. सासूने ती एका बोटाने वर केली, खाली केली, आणि पडदा ओढून घेतला. त्या रविवारी चर्चबाहेर मात्र पाद्रीबाबांना सांगताना तिच्या तोंडून "आमच्या एव्हिसने" असं निघालं. एव्हिस त्या दिवशी चौकातून घरी गेली ती जरा लांबच्या रस्त्याने.

तर असं ते घर. जेराल्डच्या मागे ते एव्हिसकडे आलं, आणि आता त्याला गिऱ्हाईक मिळालं. रोवेना आणि ॲडम हॅरप, लंडनचं जोडपं, तीन मुलं. किंमत ठरली. मग इकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी घर तपासायला आपला माणूस पाठवला. घर तपासताना मालकाने मध्येमध्ये करायचं नाही, हीही इथली रीत. दलाल फेल्गेट, कोवळा मुलगा पण टाय फार घट्ट, त्याने एव्हिसला तेवढा वेळ बाहेर जायला सांगितलं. आयुष्यात एकदाच तिने कुणाचं निमूट ऐकलं, आणि तिथेच घात झाला.

आठ दिवसांनी अहवाल आला. बहुतेक खिडक्या रंगाने चिकटून बंद झाल्या आहेत, उघडत नाहीत, सगळ्या काढून प्लास्टिकच्या बसवाव्यात. हॅरप मंडळींनी तेवढी रक्कम किमतीतून कमी मागितली.

खिडक्या बंद होत्या कारण त्यांना पितळी खिट्ट्या लावल्या होत्या. चोर येऊ नये म्हणून प्रत्येक खिडकीत दोन, छोट्या चावीने सुटणाऱ्या. त्या माणसाने जोर लावला नाही, कारण परक्याच्या घरात जोर लावणं असभ्य. आणि विचारलं नाही, कारण विचारायला घरात कुणी नव्हतं. शेजारी विचारता आलं असतं. पण ओळखदेख नसताना इथे कोण कुणाचं दार वाजवतो?

मुलगा क्लाइव्ह ब्रिस्टलहून फोनवर म्हणाला, "आई, सोडून दे ना. ते खिडक्यांचं काय करतात याच्याशी आता तुला काय करायचंय?"

"पैसे सोडते," एव्हिस म्हणाली. "पण माझ्या खिडक्या उघडत नाहीत असं मी कुणाला लिहू देणार नाही."

तिने फेल्गेटला कळवलं की शनिवारी चार वाजता त्या दोघांना घेऊन ये, आणि मी घरातच असेन. घेणारा आणि विकणारा असे समोरासमोर येत नसतात, तो चाचरत म्हणाला.

"येत नसतील. तू चारला ये."

शनिवारी ते आले, तेव्हा तिने वाद घातला नाही, चहाही विचारला नाही. रोवेनाच्या हातात चावी ठेवली आणि म्हणाली, "उघडा." रोवेनाने खिट्ट्या सोडवल्या, दोन्ही हात लावले.

"एक बोट," एव्हिस म्हणाली.

तावदान आवाज न करता वर गेलं. मग दुसरं. मग मजल्यामागून मजला, एव्हिस कठडा धरून मागे आणि ॲडम अहवाल हातात घेऊन तिच्याही मागे. मार्चचा वारा घरभर शिरला, बावीस खिडक्यांतून पडदे बाहेर फडफडायला लागले, चौकातून येणारे लोक रस्त्यात थांबून वर बघू लागले. एव्हिस तिसऱ्या मजल्यावर ताठ उभी होती, आणि गुडघे दुखतात हे ती साफ विसरली होती.

तेविसावी न्हाणीघरातली. रोवेनाने ती अर्धी वर नेली आणि दोरी तुटली. वजन चौकटीच्या पोटात धाडकन पडलं. फेल्गेटने डोळे मिटले. ॲडमने खिशातून पेन काढलं.

एव्हिस म्हणाली, "चाळीस वर्षं टिकली की. पेन ठेवा हो तुम्ही. आणि पोरी, तू इकडे ये, बाह्या वर कर."

पटाशी घरात होतीच, दोरीचं बंडलही होतं. एव्हिस बादलीवर बसून सांगत राहिली आणि रोवेनाने हात काळे करून घेतले. पट्टी काढ. तावदान खाली घे. आता हात आत घाल, घाबरू नकोस, तिथे फक्त लोखंड आहे. गाठ पहिल्यांदा चुकली, तेव्हा एव्हिसने ती सोडली आणि दोरी परत तिच्या हातात दिली. सहा वाजायच्या आत तेविसावी एका बोटाने वर गेली.

सोमवारी ठरल्या किमतीला होकार आला. एव्हिस म्हणाली, मग तो अहवाल लेखी दुरुस्त करून द्या. फेल्गेटने कपाळाला हात लावला, पण कागद आणून दिला: तेवीस खिडक्या, सर्व चालू स्थितीत, बदलण्याची गरज नाही.

जूनमध्ये रोवेना नव्या इमारतीत एव्हिसकडे आली. मागच्या बाजूची एक दोरी तुटली होती म्हणे. एव्हिस उठायला लागली.

"नाही नाही, मी केलीय," रोवेना म्हणाली. "तुम्ही फक्त बघायला चला."

एव्हिस गेली. पट्टी दाबून पाहिली, गाठ पाहिली, वाकून चौकटीच्या कोपऱ्यात नाक खुपसलं, बोटाने तावदान वर नेलं, खाली आणलं.

"रंगाचा हात जरा पातळ हवा होता," एव्हिस म्हणाली. "बाकी मला यात काही करण्यासारखं दिसत नाही."