आईची मिश्री आणि नवी सुई

परळच्या एका इस्पितळातल्या प्रयोगशाळेत मी काचपट्ट्या रंगवते. स्वादुपिंडातल्या गाठीचा नमुना म्हणजे कित्येक वर्षं आमच्या डोक्याला ताप होता. हा अवयव जठरामागे दडी मारून बसलेला. तोंडावाटे दुर्बीण पोटात उतरवायची, तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीत गाठ शोधायची, बारीक सुई टोचायची. आणि एवढं करून हाती यायचं रक्त आणि चार चुकार पेशी. 'नमुना अपुरा' हे शब्द मी किती निर्विकारपणे टाइप केलेत.

मग ते माझ्या आईच्या रिपोर्टवर आले.

आई वरळी कोळीवाड्यातली, जन्मभर मासे विकत आलेली. काविळीचं निमित्त झालं आणि गाठ दिसली. दुसरीकडे केलेल्या बायोप्सीतून काहीच कळलं नाही. "एवढी आत सुई घातली नि रिकामीच आली? तुझ्या बापाने अशी जाळी टाकली असती तर उपाशी मेलो असतो," आई म्हणाली. तिथले सर्जन गाठ सरळ काढूनच टाकू म्हणत होते. कॅन्सर असेल तर ते करायलाच हवं होतं. पण नसेल तर या वयात तिचं पोट उगाच फाडायचं?

आमच्याकडे तेव्हा नवी सुई आली होती. तिच्या टोकाची धार अशी की मांसाचा अखंड तुकडाच यावा. शिवाय सूक्ष्मदर्शक त्याच खोलीत मांडलेला. पेशंट झोपेत असतानाच बघायचं, कमी वाटलं तर पुन्हा टोचायचं. मी आईला तिथे नेलं.

"सकाळपासून तोंडात काही घालायचं नाही," मी बजावलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं, तर आत काळंकुट्ट.

"काही खाल्लंत का मावशी?"

"नाय ओ. चहा पण नाय. नुसती मिश्री लावली."

भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्यांना चोळल्याशिवाय आमच्याकडच्या बायकांची सकाळ होत नाही. वर ती तांब्याभर पाणीही प्यायली होती. त्या दिवशीचं सगळं रद्द. त्याच घरात वाढून मला हे सुचू नये याचा राग मी टॅक्सीत तिच्यावर काढला. घरी आल्यावर तिने मिश्रीचा डबा माझ्या हातात दिला. "रिपोर्ट येईपर्यंत तुझ्याकडे ठेव."

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालणारे डॉक्टर मला बाहेर थांब म्हणाले. मी थांबले नाही. सुईतून शेवईच्या तुकड्याएवढा पांढुरका धागा बशीत पडला. काचेवर त्याचा ठसा घेऊन मी रंगवला. डॉक्टरांनी पाहिलं. "पुरेसा आहे," म्हणाले. मला रडूच आलं.

पुढचे आठ दिवस आई पाटी घेऊन बाजारात बसली, गिऱ्हाइकांशी भांडली, पण डबा एकदाही मागितला नाही. ती किती घाबरली आहे हे मला त्यावरून कळलं.

कॅन्सर नव्हता. शरीराने स्वतःच्याच अवयवावर आणलेली सूज होती, गोळ्यांनी उतरणारी. मी रिपोर्ट वाचून दाखवला. आईने हात पुढे केला.

"डबा."

"मिळणार नाही."

"माझा हाय तो."

आणि आमचं नेहमीचं भांडण जुंपलं, शेजारीण खिडकीतून डोकावेपर्यंत. मी ते मुद्दाम लांबवत राहिले.