पानीचं पाणी केलं

रोह्याच्या हॉलमध्ये माझी कविता पडद्यावर सुरू झाली तेव्हा मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मॅडमनीच सांगितलं होतं, पाहुण्यांचं जरा बघ, तू घरचीच आहेस.

पडद्यावर आधी बांध आला. 'बांध' हाच शब्द, एकाला एक चिकटवून, ओळीवर ओळ रचलेला. मग मधलाच एक शब्द गळाला. त्या खांडीतून पाण्याची अक्षरं आत शिरली आणि खालचे 'भात', 'भात', 'भात' बुडत गेले. शेवटी नुसता पांढरा पडदा. मीठ.

टाळ्या झाल्या. मग नाव आलं. मॅडमचं. खाली बारीक अक्षरात 'तांत्रिक साहाय्य', आणि तिथे मी.

मी पेणच्या खारेपाटातली. उधाणाच्या भरतीला आमचा बांध फुटला, खाडी शेतात आली, आणि त्या जमिनीत परत भात झालं नाही. बा तेव्हापासून कमी बोलतो. मी पेणमध्ये फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. दिवसभर पुढाऱ्यांचे वाढदिवस. अक्षर मोठं कर, फुगव, सोनेरी कर. गिऱ्हाईक नसलं की त्याच अक्षरांना मी माझ्या कामाला लावायची.

मॅडम रोह्याच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. कार्यक्रमाचा बॅनर करायला दुकानात आल्या आणि स्क्रीनवरचा बांध बघून थांबल्या. म्हणाल्या, याला दृश्यकविता म्हणतात. तू कवी आहेस. मला तोवर कुणी असं म्हटलं नव्हतं. मी रविवारी त्यांच्या घरी जाऊ लागले. त्या पुस्तकं दाखवायच्या, मी त्यांचं टायपिंग करून द्यायची. त्यांनी फाइल मागितली तेव्हा कशाला हवी हेसुद्धा मी विचारलं नाही.

पण नावापेक्षा जास्त मला दुसरंच लागलं.

मी 'पानी' लिहिलं होतं. आमच्या घरात पानीच म्हणतात. शाळेत या एका न साठी गुरुजींनी मला वर्गापुढे उभं करून पुन्हा पुन्हा 'पाणी' म्हणायला लावलं होतं. पोरं हसली होती. म्हणून कवितेत मी न मुद्दाम ठेवला. न ची आडवी रेघ मी ओढून शेजारच्या अक्षराला लावली होती, म्हणून ते वाहायचं. पडद्यावर मात्र 'पाणी' होतं. प्रत्येक ण दोन काठ्या रोवून उभा. आमच्या शेतात शिरलेली खाडीसुद्धा त्यांनी शुद्ध करून घेतली होती.

मी ट्रे टेबलावर ठेवला. मॅडमच्या खुर्चीपाशी जाऊन हळूच विचारलं, कवितेवर माझं नाव कुठाय? त्या हसऱ्या चेहऱ्यानेच म्हणाल्या, "अगं, तुमच्या लोकांत हे उपजतच असतं. त्याची कविता मी केली."

उपजत. जसं बैलाला शिंग.

मग त्यांनीच मला माइकवर बोलावलं. आभाराचे दोन शब्द बोल म्हणाल्या.

मी म्हटलं, "ही कविता माझी हाय. बांध आमचा फुटलाय. आणि आम्ही पानी म्हणतो."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, भावना समजतात, पण ही जागा नाही. मॅडम डोळे पुसत होत्या. सगळे त्यांच्याभोवती जमले. मी एकटी स्टेशनवर आले.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या शेठना कॉलेजातून फोन आला. शेठ म्हणाले, माफी माग, नाहीतर कॉलेजची कामं जातील. मी मागितली नाही. काम गेलं. आय म्हणाली, "जरा वाकली असतीस तं काय झाला असता गो?" आणि मग स्वतःच माझं ताट वाढायला उठली.

पुढे मॅडमचा मेसेज आला. पुस्तक येतंय, त्यात या कवितेवर माझ्यासोबत तुझंही नाव टाकू, झालं गेलं विसर. मी बराच वेळ तो मेसेज बघत बसले. खोटं कशाला बोलू, ते रविवार आठवतात. तू कवी आहेस, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यातलं खरं किती होतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

मी उत्तर पाठवलं. "नाय."

आता मी फोनवरच लिहिते आणि स्वतः टाकते. बघणारे थोडे आहेत. असू देत. आधी कुणाला दाखवत नाही, कुणाची परवानगी घेत नाही. मला शिकवायला येणाऱ्याने उंबऱ्यातच सांगावं, जाताना माझं काय नेणार आहे.