बस सोडून सगळं

डेपोत त्याला सगळे भडका म्हणायचे, आणि तो त्यावरही भडकायचा. दिवसभर सिटी बस हाकून घरी आला की बूट कोपऱ्यात भिरकावायचा आणि टीव्हीवर गेम लावायचा. गेम म्हणजे अख्खं शहर. वाट्टेल तिकडे जा, वाट्टेल ते चालव. त्यात छुपी चॅलेंजेस दडवलेली. बरोब्बर तेच केलं की नकाशावरचं एखादं कुलूप फटकन उघडतं. भडक्याने सगळी कुलपं स्वतः उघडली होती, इंटरनेटवर डोकावूनसुद्धा न बघता. आयुष्यात मिरवण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

एक मात्र अडून बसलं होतं. त्याखाली लिहिलेलं, ‘जे टाळतोस, ते कर.’

पुलावरून उड्या मारून झाल्या, विमान समुद्रात घालून झालं. कुलूप ढिम्म.

“दाजी, आज नाही जमलं तर उद्या मी उघडणार,” प्लंबर मेहुणा सोफ्यावर लोळत म्हणाला.

“हात लावून तर बघ! नळासारखा पिळीन.”

मेहुण्याने गेमचा रिमोट उचलून गेममधला हिशोब उघडला. काय काय चालवलं, सगळं तिथे होतं. मोटारी, ट्रक, बोटी, हेलिकॉप्टर. बस? शून्य.

मेहुणा पोट धरून हसला. पडदे शिवता शिवता बायकोही हसली.

“दिवसभर बस, आणि घरी येऊनही बसच? मी काय वेडा आहे?” भडका ओरडला. पण गेममधल्या डेपोत गेला. उद्या मेहुण्याने उघडलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

बस निघाली. स्टॉपवर माणसं चढली. त्याने दार लावलं, तेवढ्यात मागून एक बाई पिशव्या सांभाळत धावत आली. भडक्याने सवयीने गाडी दामटली. स्क्रीनवर आलं, ‘पुन्हा प्रयत्न करा.’

पुन्हा. पुन्हा तीच बाई. “आधी निघायला काय होतं हिला!”

“अहो, थांबा ना जरा तिच्यासाठी,” बायको म्हणाली.

“थांबलो की उशीर! उशीर झाला की साहेब मेमो हातात ठेवतो!”

“इथे कुठाय तुमचा साहेब?”

भडक्याचा अंगठा दाराच्या बटणावरच राहिला, दाबला गेला नाही. बाई पोचली, चढली, धापा टाकत, हात वर करून आभार मानत बसली. कुलूप उघडलं. मेहुण्याने टाळ्या पिटल्या.

भडक्याने रिमोट गादीवर आपटला.

“बघितलंस? इथे थांबलं तर बक्षीस! आणि मी रोज आरशात बघतो, माणसं धावत येतात, हात करतात, आणि मी दार लावतो. शिव्या कोण खातो? मी! साहेबाला एकदा त्या सीटवर बसवा म्हणावं, आरसा दाखवा म्हणावं!”

 बायकोने शिलाई मशीन थांबवलं.

“चहा टाकू?” बायकोने विचारलं.

“नको!” तो खेकसला, आणि रिमोट उचलून तीच बस पुढच्या स्टॉपकडे नेली. तिथेही एक म्हातारा काठी टेकत येत होता. भडक्याने दार उघडंच ठेवलं, आणि साहेबाच्या नावाने बोटं मोडत त्याची वाट बघत बसला.