अर्धा राहिलेला शब्द

वसईच्या कॉन्व्हेंटमध्ये मी लेख द्यायला गेले होते. तिथल्या मासिकाचं आणि बातम्या कळवायचं सगळं काम सिस्टर रोझलिन एकट्या बघतात. पहाटे त्यांच्यातल्या एक वृद्ध सिस्टर वारल्या होत्या. ती बातमी सिस्टर रोझलिन कॉम्प्युटरवर लिहीत होत्या. ती संस्थेच्या गावोगावच्या कॉन्व्हेंटना जायची होती. 'असामान्य निष्ठे' एवढं टाइप झालं आणि प्रार्थनेची घंटा वाजली. बोटं तिथंच थांबली. "बसा हं," म्हणत सिस्टर उठल्या आणि चॅपेलमध्ये गेल्या.

अहो, निदान शब्द तरी संपवायचा! एकच अक्षर राहिलं होतं, 'ने'. माझे हात शिवशिवायला लागले. मी तर दूध उतू गेलं तरी हातातली ओळ सोडत नाही. यांना हे जमतं कसं? आपण लिहितोय ते आपलं आहे, असं यांना वाटतच नसेल का? चॅपेलमधून गाणं ऐकू येत होतं. स्क्रीनवर त्या अर्ध्या शब्दापुढे उभी रेघ लुकलुकत होती.

सिस्टर परतल्या, खुर्चीत बसल्या. आता 'ने' येणार म्हणून मी बघत राहिले, तर त्यांनी अख्खं वाक्यच खोडलं.

"का हो?"

"आज आमचं गाणं अगदी एका तालात झालं," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी नवं वाक्य लिहिलं: 'गाताना त्या नेहमी आम्हा सगळ्यांच्या थोड्या पुढे असायच्या.'