सेतुरावांना मी गोड बोलायला लावलं

सेतुराव कुणालाही ‘जपून जा’ म्हणत नसत. ‘मरशील’ म्हणत. गिर्यारोहकांच्या आमच्या मोबाइल ग्रुपवर कुणी दोराचा किंवा कड्याचा फोटो टाकला, की कुंभकोणमहून त्यांचा मजकूर यायचा : “हा दोर सडला आहे. जाळ. यावर लोंबकळशील तर मरशील.”

ग्रुपचा ॲडमिन मी. बँकेने माझी बदली नेमकी कुंभकोणमला केली, तेव्हा त्यांना भेटायला गेलो. सत्तरी ओलांडलेले, काटक, तळहातांना घट्टे. घराणं तंजावरच्या दरबाराशी नातं सांगणारं. घरात कुणा जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आडुतुरैपर्यंत जा, नाहीतर तिरुप्पनंदाळपर्यंत, सगळी सपाट भातशेती, नावाला टेकाड नाही. पण तीस वर्षं त्यांनी निलगिरीत दोराला लटकून दऱ्यांवरून विजेच्या तारा ओढल्या होत्या.

“तीन माणसें पडतां पाहिलीं,” ते म्हणाले. “पडणारा ओरडत नाहीं, अप्पा. त्यास वेळच नसतो. म्हणून मी आधींच ओरडतों.”

पुढे नगरच्या एका डॉक्टरांनी ‘हा म्हातारा बांधावर बसून आम्हाला अक्कल शिकवतो’ असं लिहून ग्रुप सोडला. पाठोपाठ आणखी चौघे गेले. मी सेतुरावांना गाठलं.

“राव, जरा गोड शब्दांत सांगा. लोक दुखावतात.”

“दुखावलेला जिवंत असतो कीं नाहीं?”

“पण तो निघून जातो. मग तुमचं ऐकणार कोण?”

“हें बाकी खरें. मज गोड बोलावयास येत नाहीं. लिहिलें कीं तुज दाखवीन. तूंच बेस कर.”

साताऱ्याच्या वैदेही नावाच्या शिक्षिकेने एकदा फोटो टाकला. सरावासाठी कड्यावरून सोडलेला दोर; रविवारी ती त्यावरूनच उतरणार होती. सेतुरावांनी मला लिहून दाखवलं : “दोर तळास पोंचत नाहीं. टोकास गाठ नाहीं. उतरतां उतरतां दोर संपेल आणि तूं मरशील.” मी ते बेस केलं : “फोटो सुंदर! शक्य झाल्यास दोराच्या टोकाला गाठ मारण्याचा विचार करावा.”

त्यांनी दोनदा वाचलं. “यांत मरण कुठें आहे?”

“समजतं लोकांना,” मी म्हणालो. त्यांनी तसंच पाठवलं. वैदेहीने खाली लाल बदाम टाकला.

रविवारी दोर संपला. वैदेही वाचली, पण कमरेखालचं शरीर कायमचं गेलं.

काही महिन्यांनी तिने ग्रुपवरच विचारलं, “काका, सगळ्यांना ‘मरशील’ म्हणायचात. मला का नाही म्हणालात?” मी तेव्हा त्यांच्याच ओट्यावर कॉफी पीत होतो. त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, “चूक माझी, बाळे.”

“तुमची कशी?” मी कसंबसं म्हणालो.

“शब्द तुझे, पाठविले मीं. तुज अजून हा ग्रुप चालवावयाचा आहे. मज काय!”

मजकूर अजून पाठवला नव्हता; त्यांचं बोट पडद्यावर थांबलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘थांबा’ एवढंच म्हणायचं होतं. मी कॉफीचा पेला तोंडाला लावला.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच फोटोखाली काही लिहिलं नाही. यंदा ते गेले. वैदेहीने लिहिलं, “काका एकदाच चुकले, माझ्या वेळी. मी त्यांना केव्हाच माफ केलं आहे.” तिच्या त्या ओळीखाली पुष्कळांनी हात जोडले आहेत. त्यांत माझेही आहेत.