अंगठा माहेरी गेला

आमच्या घरातले सगळे पासवर्ड मी एका रविवारी, जेवण झाल्यावर, रद्द केले.

मी सुरतच्या कापड मार्केटमध्ये साड्यांचा चेकिंग मास्तर. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढायच्या, हाच धंदा. त्यामुळे घरी आलो तरी डोळे थांबत नाहीत. त्या रविवारी चूक सापडली ती बायकोच्या, म्हणजे सुमनच्या, वहीत. किराण्याच्या यादीखाली गॅसचा पासवर्ड, त्याखाली लाइट बिलाचा, आणि शेवटच्या पानावर आमच्या गायत्रीच्या नर्सिंग प्रवेशाचा!

"वहीत पासवर्ड लिहितात का? जग कुठं चाललंय!" मी कडाडलो. (जग कुठं चाललंय हे मला आदल्याच दिवशी एका व्हिडिओतून कळलं होतं.) आता पासवर्ड बाद, पासकी आली. पाठ काही करायचं नाही. फोन हीच किल्ली. आपला अंगठा टेकवला की खातं उघडलं. चोरानं डोकं आपटून घेतलं तरी त्याच्या हाती काही लागणार नाही!

माझा फोन या कामाला म्हातारा निघाला. गायत्रीकडे तर माझाच त्याआधीचा. राहिला सुमनचा. घरी बसून साड्यांना लेस लावून तिनं स्वतःच्या कमाईतून घेतलेला, कोरा करकरीत. तिघांची सगळी खाती मी तिच्या अंगठ्यावर चढवली, जुने पासवर्ड पुसले आणि वही टराटरा फाडली. पुरावा नको!

मग सुरू झालं. गॅस नोंदवायचाय? "सुमन, अंगठा!" लाइट बिल? "सुमन, अंगठा!" बिचारी कणकेचा हात धुऊन यायची. आठव्या दिवशी तव्यावर भाकरी करपली आणि तिचं डोकं फिरलं.

"मी बायको शे का कुलूप?" (चिडली की ती अहिराणीवर येते.)

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशच्या लेकी माहेरी जातातच. ही आठ दिवस आधीच नंदुरबारला निघाली.

"मी काही घ्यायला येणार नाही!" मी दारातून सुनावलं.

"तुम्हले कोन बलाई राह्यनं?" बोलावतंय कोण, एवढं विचारून ती गेली. फोन घेऊन गेली, आणि अंगठाही अर्थात सोबतच गेला.

तिसऱ्या दिवशी गायत्री धावत आली. तिला नर्सिंगला जागा लागली होती! आमच्या अख्ख्या खानदानात दवाखान्यात पेशंट म्हणून सगळे जाऊन आलेत, पगाराला कोणी नाही. पोरीनं त्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. फक्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत साइटवर जाऊन जागा स्वीकारायची होती, नाहीतर ती पुढच्या मुलीला.

"त्यात काय!" मी म्हटलं. "आईला फोन लाव." (मी बोलत नव्हतो. मानी माणूस!)

सुमननं तिकडे अंगठा लावला, खातं उघडलं. साइट म्हणाली, आता विद्यार्थिनीनं कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावावेत. अंगठा नंदुरबारला आणि डोळे इथं सुरतच्या भेस्तानला! फोटो दाखवून चालेना, जिवंत चेहरा हवा.

मग आम्ही कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. तिथल्या गुजराती काकांनी संगणकावर चौकोनी कोड काढून दिला. गायत्रीनं त्याचा फोटो मामाला पाठवला, मामाच्या फोनवरचा तो कोड आईनं आपल्या फोननं स्कॅन केला. संगणकानं थोडा विचार केला आणि सांगितलं, तुमचा फोन या संगणकाच्या जवळ आणा.

"फोन नजीक लावो," काकांनी समजावलं.

"अहो, फोन नंदुरबारला आहे!"

"तो नंदुरबार नजीक लावो," काका म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

खातं नव्यानं मिळवायचं तर सात दिवस लागणार होते. गायत्री रडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, वहीत बरं होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी तिनंच तोडगा काढला. नवापूर! ते स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. म्हणजे मी सासरवाडीला गेलो असंही नाही आणि सुमन सुरतला परतली असंही नाही. दुसऱ्या दिवशी सुरतच्या उधना स्टेशनवरून मी आणि गायत्री गाडीत बसलो. आमची गाडी रखडत रखडत पोचली तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं उरली होती. सुमन बाकावर बसली होती, महाराष्ट्राच्या बाजूला.

गायत्रीनं आईच्या फोनवर साइट उघडली. 'अंगठा ठेवा.' सुमननं अंगठा वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"आधी सांगा, कोनं चुकनं?"

"हे बघ, तंत्रज्ञान म्हणून पाहिलं तर माझं म्हणणं बरोबरच होतं, पण अंमलबजावणीत, म्हणजे तूही जर त्या दिवशी..."

फोन टुंग वाजला. 'वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.'

"पप्पा!" गायत्री किंचाळली. चहावाला किटली घेऊन जवळ येऊन उभा राहिला. दोन्ही राज्यांतले प्रवासी माना वळवून बघू लागले.

गायत्रीनं पुन्हा साइट उघडली. सुमनचा अंगठा पुन्हा वर. पाचला बारा मिनिटं. पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान गेला खड्ड्यात!

"चुकलं."

"ऐकू नही उनं."

"चुकलं! माझं चुकलं!" मी ओरडलो.

अंगठा टेकला. खातं उघडलं. गायत्रीनं डोळे मिचकावले, हिरवी खूण आली, आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मीही रडलो, गुजरातेत उभा राहून.

नंदुरबारची गाडी लागली. "आखाजीले चालतस का?" सुमननं विचारलं. मान आता शिल्लकच नव्हता, म्हणून हो म्हटलं आणि तिकीट काढायला तिच्यापुढं हात केला, कारण तिकिटाचं खातंही तिच्याच अंगठ्यावर. तिनं फोन उघडला, अंगठा वर धरला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"चुकलं," मी म्हटलं.

तिकीट निघालं. तेव्हापासून आमच्या घरात पासवर्ड हा एकच. मला तोंडपाठ आहे, वहीत लिहायची गरज नाही, आणि गुप्त म्हणाल तर अख्ख्या नवापूर स्टेशनाला माहीत आहे!